जकातनाक्यावरील पहाट

संस्कृतांतील लौकिक न्यायांमध्यें ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ नांवाचा एक मजेदार न्याय आहे. एका व्यापाऱ्याला जकात द्यावयाची नव्हती. म्हणून राजमार्ग सोडून तो रात्रीं आडवाटेनें निघाला, काळोखांत रात्रभर भटकला, आणि उजाडल्यावर पाहतो तों त्याची गाडी नेमकी जकातनाक्याच्या दारांत उभी! जें टाळावयाचें तेंच अखेर पुढें येऊन ठाकतें, असा या न्यायाचा भावार्थ. न्याय फार जुना आहे. पण जकात टाळूं पाहणारा व्यापारी कांहीं जुना झालेला नाहीं. फरक इतकाच कीं, अलीकडचा व्यापारी रात्रीं निघत नाहीं. तो दिवसाढवळ्या निघतो; त्याच्या एका बाजूस वकील असतो, दुसऱ्या बाजूस हिशेबतज्ज्ञ असतो, आणि ज्या आडवाटेनें तो जातो ती वाट पुष्कळदां खुद्द नाकेदारानेंच कधींकाळीं मोकळी ठेविलेली असते.

कंपन्या कर कां टाळतात, असें विचारलें तर ‘लोभामुळें’ हें उत्तर तयार असतें. लोभ खराच, परंतु तो सर्व काळीं सारखाच असतो. मग एका काळीं एक वाट वाहती कां होते, दुसऱ्या काळीं ती ओस पडून भलतीच वाट कां रुळते, याचा उलगडा एकट्या लोभानें होत नाहीं. त्यासाठीं कराचा दर, कायद्याचें अक्षर, न्यायासनाची दृष्टि आणि राज्याची स्वतःची गरज या चार गोष्टींकडे पाहावें लागतें. आणि हें पाहण्यास मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासासारखी दुसरी शाळा नाहीं.

आरंभींच एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. खोट्या वह्या ठेवणें, विक्री दडविणें, उत्पन्न लपविणें याला कर बुडविणें म्हणतात. तो उघड गुन्हा होय. सर्व व्यवहार उघड दाखवून, पण कर कमी बसेल अशा रीतीनें त्यांची मांडणी करणें, याला कर टाळणें म्हणतात. पहिला मनुष्य कायदा मोडतो. दुसरा कायदा वाचतो. येथें विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्याचा.

हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर प्रथम १८६० सालीं बसला. १८५७ च्या उठावाचा मोड करण्यांत सरकारी तिजोरी रिती झाली होती, आणि ती भरण्यासाठीं अर्थसचिव जेम्स विल्सन यांनीं हा कर आणिला. पुढें पहिल्या महायुद्धाच्या खर्चापायीं १९१७ सालीं त्यावर ‘सुपरटॅक्स’ची भर पडली. हा सुपरटॅक्स पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाई. ज्याचें उत्पन्न मोठें त्याला वरच्या पायरीचा दर. पण १९२२ च्या प्राप्तिकराच्या कायद्यानंतर व्यक्तीला लागू असलेली ही चढती शिडी कंपनीला लागू नव्हती. कंपनीचा दर सपाट होता. कायद्याच्या अक्षरांतील एवढीच फट. पण शहाण्याला ती पुरेशी होती. मनुष्यानें मिळविलें तर कर भारी, आणि त्याच मनुष्यानें काढलेल्या कंपनीनें मिळविलें तर कर हलका, असें जर असेल तर मनुष्यानें कंपनीच कां होऊं नये?

मुंबईच्या गिरणीमालकांच्या एका विख्यात पारशी घराण्याचे बॅरोनेट सर दिनशा माणेकजी पेटिट यांनीं नेमका हाच प्रश्न केला. त्यांच्यापाशीं शेअर व रोखे पुष्कळ होते. त्यांनीं चार खाजगी कंपन्या स्थापन केल्या. शेअरांचा एकेक गट एकेका कंपनीच्या नांवें मानला, आणि आपण ते केवळ तिचे प्रतिनिधि म्हणून सांभाळतों, असे करार केले. डिव्हिडंड येई तें कंपनीच्या खात्यावर जमा होई. आणि मग कंपनी तीच रक्कम सर दिनशांना ‘कर्जाऊ’ देई. कर्ज हें कांहीं उत्पन्न नव्हे! रक्कम निघाली त्याच घरीं परत आली. वाटेंत फक्त तिचें नांव बदललें. हें प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापुढें गेलें. १९२७ च्या निकालपत्रांत तें छापलेलें आहे. न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, या कंपन्यांना स्वतःचा असा कांहींएक धंदा नव्हता. सुपरटॅक्स टाळण्याचें साधन म्हणून त्या जन्मल्या, त्यांनीं दिलेलीं कर्जें हीं नांवाचीं कर्जें होतीं, आणि कंपनी म्हणजे दुसरें कोणी नसून स्वतः करदाताच होता. मुखवटा काढला गेला आणि कर द्यावा लागला. त्या व्यापाऱ्याची गाडी पहाटेस नाक्यावर आली.

याच दशकांतील दुसरी एक गोष्ट याच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. १९२३ सालीं हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकांत तूट आली. ती भरून काढण्यासाठीं मिठावरील कर मणामागें सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचें ठरलें. कायदेमंडळानें नकार दिला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारांत तो वाढविला. वर्षभरानें तो पुन्हां पूर्वीच्या जागीं आला, हें खरें. परंतु त्या एका वर्षांत कोणाच्या चुलीला त्याची झळ लागली हें सांगावयास नको. मीठ खाणाऱ्याला कंपनी काढतां येत नाहीं. तिजोरीला एका दारानें पैसा मिळाला नाहीं, कीं ती दुसऱ्या दारीं जाते; आणि हें दुसरें दार बहुधा गरिबाचें असतें. कर टाळण्याचा प्रश्न वकिलांच्या व हिशेबनिसांच्या करमणुकीचा राहत नाहीं, तो याच कारणामुळें.

पेटिट प्रकरणानंतर सरकारनें कुंपण दुरुस्त केलें. १९३० सालीं कायद्यांत नवें कलम आलें: मूठभर भागीदारांच्या ताब्यांतील कंपनीनें कर चुकावा म्हणून नफा वांटला नाहीं, तरी तो वांटला आहे असें समजून भागीदारांवर कर बसवावा. पण हें वरातीमागून घोडें. पुढील इतिहासांतही हाच क्रम दिसतो: आधीं फट, मग युक्ति, मग खटला, आणि सर्वांच्या शेवटीं नवें कलम, आणि त्या नव्या कलमांत पुन्हां एक नवी फट!

आतां न्यायासनाच्या दृष्टीचा प्रभाव पाहूं. मुंबईच्या न्यायालयानें मुखवटा काढला. पण १९३५ सालीं विलायतेंत हाउस ऑफ लॉर्ड्सनें अगदीं उलट सूर लाविला. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या पदरीं एक माळी होता. माळ्याचा पगार ड्यूकच्या उत्पन्नांतून वजा होत नसे. म्हणून ड्यूकनें त्याला ठराविक रक्कम देण्याचा करारलेख करून दिला. काम केलें वा न केलें तरी ती रक्कम माळ्यास मिळावयाची होती. अशी रक्कम मात्र उत्पन्नांतून वजा होई. माळी पूर्वीप्रमाणेंच बागेंत खपत राहिला; ड्यूकचा कर तेवढा उतरला. सरकारचें म्हणणें पडलें कीं हा पगारच होय. लॉर्ड ॲटकिन यांना तें पटलें; पण बहुमत ड्यूकच्या बाजूचें झालें. कायद्याच्या चौकटींत राहून आपला कर कमीत कमी बसेल अशी व्यवस्था लावण्याचा प्रत्येकास हक्क आहे, दस्तऐवज खरा असला तर त्याच्या पोटांत शिरूं नये, असें तत्त्व त्या निकालानें रूढ झालें.

हें तत्त्व आमच्याकडेही आलें व दीर्घकाळ नांदलें. १९६७ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं, कायद्याच्या मर्यादेंत आपल्या धंद्याची मांडणी करून कर टाळणें निषिद्ध नाहीं. न्यायासन दस्तऐवजाचें अक्षर पाहणार कीं व्यवहाराचें पोट पाहणार, यावर कंपन्यांच्या सल्लागारांचें धैर्य अवलंबून असतें. अक्षर पाहणारा न्यायाधीश असला कीं सल्लागाराची लेखणी धीट होते. शिवाय सल्लागारांचा वर्गही तोंपर्यंत चांगला तयार झाला होता. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें, आणि १९४९ च्या कायद्यानें चार्टर्ड अकौंटंटांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. हिशेबाची विद्या हें राष्ट्राचें भूषणच आहे. पण विद्या ज्याच्या पदरीं असते त्याचें काम करते, आणि ती पदरीं बाळगणें हें लहान माणसाला परवडत नाहीं.

दराचा प्रभाव तर याहूनही उघड आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, जादा नफ्यावरचा कर आला आणि त्याचा दर लवकरच दोनतृतीयांशांवर गेला. स्वातंत्र्यानंतर व्यक्तीच्या उत्पन्नावरील दर चढत चढत १९७३-७४ सालीं वरच्या पायरीवर शेंकडा ९७.७५ झाला. म्हणजे शेवटच्या शंभर रुपयांपैकीं सव्वादोन रुपये घरीं न्यावयाचे! अशा वेळीं मालकानें पगार अगर डिव्हिडंड घेणें हा वेडेपणा ठरे. बंगला कंपनीचा, मोटार कंपनीची, प्रवास कंपनीच्या कामाचा, अशी रीत पडली. निवृत्त सरन्यायाधीश वांच्छू यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९७१ च्या आपल्या अहवालांत स्पष्ट सांगितलें होतें कीं, भरमसाट दर हेंच कर चुकविण्याचें एक मुख्य कारण आहे. तरीही दोन वर्षें दर कमी झाले नाहींत. १९७४-७५ पासून मात्र ते उतरूं लागले आणि १९७६-७७ सालीं वरची पायरी शेंकडा ६६ वर आली.

यावरून कोणी म्हणेल, दर कमी केला कीं काम झालें. परंतु १९८० नंतरचा अनुभव तसें सांगत नाहीं. त्या काळांत देशांतील कांहीं मोठ्या, भरभराटलेल्या कंपन्या एक पैसाही प्राप्तिकर देत नव्हत्या, आणि तरीही गुन्हा मुळींच करीत नव्हत्या. नवे कारखाने निघावेत म्हणून राज्यानेंच सवलती दिल्या होत्या: यंत्राचा घसारा वजा करा, नव्या गुंतवणुकीबद्दल अधिक वजावट घ्या, मागास भागांत कारखाना काढल्यास आणखी वजा करा. हेतु चांगला होता. पण कारखाना सतत वाढवीत राहिलें कीं वजावटीही वाढत राहत, आणि कराच्या वहींत नफा शून्य दिसे. भागीदारांना दाखविण्याच्या ताळेबंदांत मात्र नफा भरघोस असे आणि त्यांतून डिव्हिडंडही वांटला जाई. एकाच कंपनीचे असे दोन चेहरे होते. एक बाजारासाठीं हंसरा, दुसरा कर-अधिकाऱ्यासाठीं केविलवाणा.

यावर उपाय म्हणून १९८३ सालीं वजावटींवर मर्यादा घातली गेली. १९८७ च्या अर्थकायद्यानें त्याहून पुढें जाऊन ठरविलें कीं, ताळेबंदांतील नफ्याचा शेंकडा ३० भाग तरी करपात्र धरावयाचाच. हें कलम कांहीं वर्षांतच रद्द झालें आणि १९९६ सालीं ‘मॅट’ म्हणजे किमान पर्यायी कर या नांवानें पुन्हां आलें. सवलत द्यावयाची, ती फार झाली म्हणून तिच्यावर कर बसवावयाचा, उद्योगांची ओरड झाली म्हणून तो काढावयाचा, आणि पुन्हां बसवावयाचा! कुंपणानें शेत खाणें ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

न्यायासनाची दृष्टिही या सुमारास पालटली. आंध्र प्रदेशांतील मद्याच्या एका कारखान्यानें अशी व्यवस्था केली होती कीं, मालावरील अबकारी कर गिऱ्हाइकानें परस्पर सरकारी खजिन्यांत भरावा. हेतु हा कीं, ती रक्कम कारखान्याच्या विक्रींत धरली जाऊं नये आणि तिच्यावर विक्रीकर पडूं नये. १९८५ सालीं मॅक्डॉवेल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं ही व्यवस्था अमान्य केली. न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांनीं तर वेस्टमिन्स्टरच्या तत्त्वाला आतां निरोप द्यावा, असेंच सुचविलें. जेथें तें तत्त्व जन्मलें तेथेंच त्याचा जोर ओसरला आहे, आणि टाळलेल्या कराचा बोजा प्रामाणिक माणसांवर पडतो, हें त्यांच्या विवेचनाचें सार होतें.

पण चौथी गोष्ट, म्हणजे राज्याची स्वतःची गरज, अद्याप पुढें यावयाची होती. १९८२ च्या ऑगस्टांत भारतानें मॉरिशसशीं करार केला. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांनीं कर घेऊं नये, हा त्याचा उद्देश. त्यांत एक अट अशी होती कीं, मॉरिशसच्या रहिवाशानें भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळविल्यास त्यावर कर घेण्याचा अधिकार मॉरिशसचा. आणि मॉरिशस तर असा कर घेतच नसे! दहा वर्षें या अटीकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९९१ सालीं भारतानें आपलें दार परकीय भांडवलास उघडलें, १९९२ सालीं परकीय गुंतवणूक-संस्थांना शेअरबाजारांत मुभा मिळाली, आणि त्याच वर्षीं मॉरिशसनेंही परदेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांसाठीं खास कायदा केला. मग ती निजलेली अट जागी झाली. ज्या बेटावर एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून महाराष्ट्रांतील मजूर ऊंसाच्या मळ्यांत राबावयास गेले, आणि जेथें त्यांचे वंशज अजून आपलें मराठीपण जपतात, त्याच बेटावरून आतां मुंबईच्या शेअरबाजारांत पैसा येऊं लागला. पैसा मात्र बहुतेक त्या बेटाचा नव्हता. तो युरोप-अमेरिकेचा, बेटावर त्याचा केवळ पत्ता असे.

कर-अधिकाऱ्यांनीं २००० सालीं अशा कांहीं कंपन्यांना नोटिसा काढल्या. बाजार गडगडला. तेव्हां दिल्लीहून तांतडीनें परिपत्रक निघालें कीं, मॉरिशस सरकारचा रहिवासाचा दाखला असला म्हणजे पुरे. अधिक चौकशी करूं नये. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तें रद्द केलें, आणि २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां वैध ठरविलें. विकसनशील देशाला भांडवल हवें असतें. त्यासाठीं तो थोडा कर जाणूनबुजून सोडून देतो, असें व्यवहारी समर्थन त्या निकालांत आहे. येथें नाकेदारच व्यापाऱ्याला आडवाट दाखवीत होता. कारण गाडी आपल्या गांवांत यावी हीच त्याची गरज होती.

या साऱ्या कथेचा कळस २००७ सालीं झाला. मुंबईंत जिचें मुख्य ठाणें होतें अशा एका टेलिफोन कंपनींतील हचिसन या परदेशी समूहाचा मोठा हिस्सा व्होडाफोन समूहानें सुमारें ११ अब्ज डॉलरांना घेतला. मनोरे येथले, गिऱ्हाइकें येथलीं, परवाने येथले. पण प्रत्यक्ष विकला गेला तो केमन बेटांतील एका कंपनीचा एकमेव शेअर, आणि घेणारी कंपनी हॉलंडची. कर-खात्यानें अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक मागणी केली. २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें खात्याच्या बाजूनें कौल दिला. २० जानेवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. शेअर परदेशांतला, विकणारा परदेशी, घेणारा परदेशी. कायद्याच्या अक्षरांत असा कर नाहीं, असें त्यानें ठरविलें. पेटिट प्रकरणांत मुखवटा काढला गेला होता, येथें तो राहिला. दोन्ही निकालांमध्यें ८५ वर्षांचें अंतर आहे; प्रश्न मात्र तोच.

सरकारला हा पराभव सहन झाला नाहीं. त्याच वर्षीं त्यानें कायदा बदलला, आणि तो बदल १९६२ पासूनच लागू होता असें समजावें असें ठरविलें. खेळ संपल्यावर खेळाचे नियम बदलावे, तसें हें झालें. परदेशी गुंतवणूकदार बिथरले, प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलें, २०२० सालीं निकाल भारताच्या विरुद्ध लागला आणि २०२१ च्या ऑगस्टांत संसदेनें ती जुनी मागणी सोडून दिली. ज्या राज्यानें शिथिलपणें लिहिलें त्यानें अखेर संतापानें लिहिलें, आणि दोन्ही वेळां त्याचें नुकसानच झालें.

यांतून थोडें शहाणपणही आलें आहे. २०१६ च्या मे महिन्यांत मॉरिशसचा करार सुधारला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर भारताला कराचा अधिकार मिळाला. त्याच दिवसापासून, केवळ कर टाळण्याच्या मुख्य हेतूनें रचलेला पोकळ व्यवहार नाकारण्याचा सर्वसाधारण नियमही अंमलांत आला. २०१९ च्या सप्टेंबरांत कंपन्यांना, सवलती सोडून दिल्यास, शेंकडा २२ चा मूळ दर देऊं करण्यांत आला. म्हणजे दर कमी आणि फटीही कमी. २०२१ च्या ऑक्टोबरांत १३६ देशांनीं मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर निदान शेंकडा १५ कर असावा या तत्त्वाला मान्यता दिली. सर्वांनीं तें सारख्या तत्परतेनें पाळलें असें मात्र नाहीं. नाकेदार पुष्कळ झाले कीं कोठला तरी एक नाका उघडा राहतोच.

मग त्या जुन्या न्यायाचें काय? पहाटेस नाक्यावर अखेर कोण सांपडतो? १९२२ च्या कायद्यांतच पगारांतून परस्पर कर कापून घेण्याची तजवीज होती, आणि ती आजही चालू आहे. कारकुनाचा, शिक्षकाचा, परिचारिकेचा कर त्यांच्या हातीं पैसा पडण्यापूर्वींच निघून जातो. त्यांना मुखवटा नाहीं, बेट नाहीं, निवडण्यास वाट नाहीं. साबणाच्या वडीवरचा कर तर श्रीमंत आणि मोलकरीण दोघांनाही सारखाच. व्यापारी आडवाटेनें निसटला, तर नाक्यावर पहाटेस उभी असलेली गाडी त्याची नसते. राजमार्गानें मुकाट्यानें आलेल्या माणसाची ती असते, आणि व्यापाऱ्याच्या वांट्याची जकात नाकेदार तिच्याच मालावर चढवितो.

म्हणून कंपन्यांना नीतीचे पाठ देणें पुरेसें नाहीं. कराचा दर माणसानें आपखुशीनें द्यावा असा असावा, कायद्याची भाषा स्वच्छ असावी, न्यायासनानें नांवापेक्षां वस्तु पाहावी, आणि राज्यानें एका हातानें दार उघडून दुसऱ्या हातानें चोर म्हणूं नये. सवलत द्यावयाची झाली तरी ती कोणाच्या खर्चानें दिली, हें तिच्याबरोबरच लिहून ठेवावें. कर टाळणाऱ्याची वाट कायद्याच्या पुस्तकांत सुरू होते. ती संपते कोठें, हें पाहावयाचें असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेस एखाद्या साध्या घरांत पगाराचें पाकीट उघडतें तेव्हां पाहावें.